प्रमोशन हुकलेले मास्तर

मागच्या सेमिस्टरला नोटीस बोर्डावर सिलेक्ट झालेल्यांची यादी लागली, ती मी तीन वेळा वाचली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर आणि एकदा माझं नाव चुकून दुसऱ्या ब्रँचमध्ये छापलंय का ते बघायला. नव्हतंच. त्या रात्री मेसला गेलो नाही. रूम पार्टनरने पोळीभाजी वर आणून दिली आणि 'बी पॉझिटिव्ह यार' म्हणून तो आपल्या ऑफर लेटरची झेरॉक्स काढायला गेला. त्या दिवशी 'बी पॉझिटिव्ह' मला फक्त ब्लडग्रुप म्हणूनच चाललं असतं!

इंटरव्ह्यूला मला लेथवर स्वतः काय काय केलंस, असं विचारलं होतं. जर्नल तर कॉपी केलेलं. काय सांगणार, कपाळ?

सुट्टीत सांगलीला निघालो. ताकारी गेलं की किर्लोस्करवाडी लागते. लहानपणापासून हे स्टेशन बघतोय, पण त्या माणसाबद्दल पंप सोडून काहीच माहिती नव्हती. घरी वडिलांच्या कपाटात लक्ष्मणराव किर्लोस्करांवरचं जुनं पुस्तक सापडलं. दुसरा उद्योग नव्हताच, म्हणून वाचायला घेतलं.

गंमत म्हणजे या माणसाची सुरुवात यंत्रांपासून झालीच नाही. जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. ओढ चित्रकलेची. वडिलांना हे खूळ पसंत नव्हतं, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराला रंगांधळेपणा! म्हणजे पहिला नकार कुणा साहेबाने नाही, स्वतःच्या डोळ्यांनीच दिला. मी असतो तर तिथूनच गाडी पकडून घरी आलो असतो. त्यांनी बघितलं की ड्रॉइंगचा हात तर शाबूत आहे, आणि यंत्रांच्या ड्रॉइंगला रंग लागत नाहीत.

त्याच हातावर १८९० साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायची नोकरी मिळाली. संस्था तेव्हा भायखळ्याला होती. शिकवून झालं की हे मास्तर वर्कशॉपमध्ये शिरत आणि यंत्रं कशी चालतात, कशी खोलतात, कशी जोडतात ते हाताने करून बघत. इंजिनिअरिंगची डिग्री नाही. आजच्या कटऑफमध्ये बसलेच नसते!

जोडीला सायकलींचा धंदा होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामूअण्णा बेळगावात विकत. १८८८ पासूनचं किर्लोस्कर ब्रदर्स ते हेच.

पुढे संस्थेत वरची जागा निघाली. कामाच्या हिशेबाने ती लक्ष्मणरावांची होती. दिली गेली एका अँग्लो-इंडियन माणसाला. तो काळ इंग्रजांचा, दाद कुणाकडे मागायची? ते हसतमुखाने पुन्हा वर्गावर गेले असं मुळीच झालं नाही. त्यांनी राजीनामा दिला. मला पुस्तकातला हा भाग सगळ्यात आवडला, कारण मलाही राग आला होता. फरक एवढाच, की मी रागात चार दिवस गादीवर पडून होतो आणि ते बेळगावला सायकलच्या दुकानात जाऊन उभे राहिले. अर्थात त्यांना रामूअण्णा होते, हेही विसरता येत नाही. पाठीशी भाऊ असला की राजीनामा लिहिणं थोडं सोपं जातं.

सायकलवर ते थांबले नाहीत. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. आणि इथे पुन्हा नकार, तोही गावोगावच्या शेतकऱ्यांचा! लोखंडाने जमिनीला विष चढतं असा समज होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. मी एका यादीवरून उपाशी झोपलो, हा माणूस दोन वर्षं न विकलेले नांगर रोज डोळ्यांसमोर बघत होता.

जरा जम बसतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडलजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि त्यात नाग! १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. रात्रीच्या पहाऱ्याला त्यांनी चक्क तुरुंगातून सुटून आलेली माणसं ठेवली. अशा माणसाला दारात कोण उभं करतो? वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. १९२० मध्ये इथूनच 'किर्लोस्कर खबर' निघालं, तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. त्यांच्याऐवजी ज्याला प्रमोशन मिळालं, त्याचं नाव मात्र मला त्या पुस्तकात दिसलं नाही.

सुट्टी संपवून परत आलो आणि आमच्या वर्कशॉपच्या सरांना भेटलो. म्हटलं, सर, पाचनंतर लेथवर बसू द्याल का? त्यांना आधी वाटलं, माझं एखादं प्रॅक्टिकल राहिलंय. मग म्हणाले, बूट घालून ये, चपला चालणार नाहीत. तीन आठवडे झाले. पहिल्या दिवशी टूल मोडलं, दुसऱ्या दिवशी बोलणी खाल्ली. आता स्टेप टर्निंग बऱ्यापैकी जमतंय, थ्रेड अजून बिघडतात.

पुढच्या मंगळवारी आणखी एक कंपनी येतेय. टाय रूम पार्टनरचाच आहे, बूट मात्र वर्कशॉपचेच घालावे लागतील, दुसरे नाहीत. शनिवारी रात्री घासून बघितले, ऑइलचा डाग काही निघाला नाही.