आपल्या विमानाचे पंख का तुटतात, हे कंपनीच्या मालकानेच सरकारला लिहून दिलं होतं

एखादी गाडी बाजारात आली, हातोहात खपली आणि मग तिचे अपघात व्हायला लागले तर कंपनी काय करते? आधी म्हणते चालवणाऱ्याची चूक. मग म्हणते रस्ता खराब. आणि अगदीच गळ्याशी आलं की मग गाड्या परत मागवून पार्ट बदलून देते.

पण ११० वर्षांहून जास्त काळापूर्वी एक माणूस असा होऊन गेला, ज्याने आपल्या विमानात नेमकी कुठे गडबड आहे हे स्वतःच शोधलं आणि थेट सरकारला कळवलं. तेही अशा वेळी, जेव्हा त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकारचं लष्करच होतं.

त्याचं नाव लुई ब्लेरियो. विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस म्हणून तो जगाला माहिती आहे.

हेडलाइट विकून विमानं बनवली

ब्लेरियोचा जन्म १ जुलै १८७२ चा, उत्तर फ्रान्समधल्या कांब्रे गावातला. पॅरिसच्या एकोल सेंट्राल या नामांकित कॉलेजातून तो इंजिनिअर झाला. तेव्हा मोटारगाड्या नुकत्याच रस्त्यावर यायला लागल्या होत्या आणि रात्री गाडी चालवायची म्हणजे अंधारात चाचपडणं होतं. ब्लेरियोने ॲसिटिलीन गॅसवर चालणारा हेडलाइट तयार केला. रेनॉसारख्या कंपन्या त्याच्याकडून दिवे घ्यायला लागल्या. पठ्ठ्याने चिक्कार पैसा कमावला.

आणि मग तो सगळा पैसा विमानात घातला.

सुरुवात केली पक्ष्यासारखे पंख फडफडवणाऱ्या यंत्रापासून. ते काही उडालं नाही. मग गॅब्रिएल व्हॉइसिन या तरुणाला सोबत घेऊन त्याने नदीवरून उडणारं ग्लायडर बनवलं. ते पाण्यात आपटलं आणि व्हॉइसिन बुडता बुडता वाचला. पुढे दोघांचं फाटलं. ब्लेरियो मात्र एकामागून एक विमान बनवत राहिला, स्वतःच चालवत राहिला आणि आपटत राहिला. त्याच्या विमानांना नावं नव्हती, नंबर होते. एक मोडलं की पुढचा नंबर.

विमान वळवायचं कसं?

त्या काळात खरी अडचण विमान उडवण्याची नव्हती, ते ताब्यात ठेवण्याची होती. युरोपातली विमानं जमीन सोडायची, पण वळायचं म्हटलं की बोंब. कारण बोटीसारखं नुसतं शेपटीचं सुकाणू फिरवून विमान नीट वळत नाही. सायकल वळवताना आपण जसे एका बाजूला कलतो, तसं विमानालाही एका बाजूला कलावं लागतं.

८ ऑगस्ट १९०८ ला अमेरिकेच्या विल्बर राइटने फ्रान्समध्ये ल मान्सजवळ विमान उडवून दाखवलं. बघणाऱ्यांत ब्लेरियोही होता. राइटचं विमान एखाद्या घारीसारखं कलून वळत होतं. त्यामागची युक्ती होती पंख पिळण्याची. बुटांचा रिकामा खोका दोन्ही टोकांना धरून पिळा, तसं. तारा ओढून एका बाजूच्या पंखाची मागची कड खाली आणि दुसऱ्या बाजूची वर केली की विमान कलतं.

ब्लेरियोने ही युक्ती उचलली आणि आपल्या अकराव्या विमानात वापरली. हेच ते प्रसिद्ध ब्लेरियो ११. पंखांची एकच जोडी, पुढे इंजिन, मागे शेपूट. हातात एक उभी दांडी, ती पुढेमागे केली की नाक वरखाली आणि डावीउजवीकडे केली की पंख पिळले जाणार. पायाशी सुकाणूचा दांडा. विमानाचं असं स्टिअरिंग जमवणारा तो एकटाच नव्हता, पण त्याच्या विमानांमुळे ही पद्धत जगभर गेली. आजही छोटी विमानं आणि अनेक फायटर जेट याच मांडणीने चालवली जातात.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. या विमानाचे पंख तारांनी ताणून धरलेले होते आणि त्यातल्याच काही तारा ओढून पंख पिळले जायचे. म्हणजे पंखाचा आधारही तारा आणि स्टिअरिंगही तारा. पुढची सगळी भानगड या तारांचीच आहे.

३६ मिनिटांत हिरो

१९०९ पर्यंत ब्लेरियोचे पैसे संपत आले होते. असं सांगतात की त्याच्या बायकोने, ॲलिसने, एका श्रीमंत माणसाच्या मुलाला गच्चीवरून पडताना वाचवलं आणि त्या उपकारापोटी मिळालेल्या कर्जावर ब्लेरियोचं काम पुढे चाललं.

तेव्हा डेली मेल या ब्रिटिश पेपरने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्याला १००० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. ह्युबर्ट लेथमने १९ जुलैला प्रयत्न केला, पण इंजिन बंद पडलं आणि तो समुद्रात उतरला.

२५ जुलै १९०९ ची पहाट. ब्लेरियोचा पाय भाजलेला होता, तो कुबड्यांवर चालत होता. विमानात होकायंत्र नव्हतं. इंजिन होतं २५ हॉर्सपॉवरचं, म्हणजे आजच्या रॉयल एनफिल्डच्या आसपास. पहाटे ४ वाजून ४१ मिनिटांनी त्याने कॅलेजवळून उड्डाण केलं. मध्ये काही मिनिटं अशी आली की मागे फ्रान्स दिसेना, पुढे इंग्लंड दिसेना. तरी साधारण ३६ मिनिटांनी तो डोव्हरच्या किल्ल्याजवळच्या उतारावर आदळत उतरला. चाकं आणि पंखा मोडला, पण माणूस धड होता.

आणि मग विमानाच्या ऑर्डरींचा पाऊस पडला. काही महिन्यांत शंभराहून जास्त. कालपर्यंत कर्जात असलेला माणूस जगातल्या मोठ्या विमान कारखानदारांपैकी एक झाला.

पंख दुमडायला लागले

डिसेंबर १९०९ मध्ये इस्तंबूलला विमान दाखवायला गेलेला ब्लेरियो एका घरावर कोसळला. बरगड्या मोडल्या, काही आठवडे दवाखान्यात काढावे लागले. त्यानंतर त्याने स्पर्धांमध्ये उडणं सोडलं आणि कारखान्यात लक्ष घातलं.

पण त्याची विमानं घेऊन इतर लोक उडत होते आणि मरत होते. जानेवारी १९१० मध्ये लेओं देलाग्रांज हा नावाजलेला वैमानिक ब्लेरियो विमानाचा पंख मोडून गेला. त्याने विमानात मूळच्या इंजिनाच्या दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं होतं. सप्टेंबर १९१० मध्ये पेरूच्या जॉर्ज चावेझने ब्लेरियो विमानातून आल्प्स ओलांडला. इटलीत उतरताना, जमीन अगदी हाताशी आलेली असताना, पंख दुमडले आणि चार दिवसांनी तो गेला.

प्रत्येक अपघाताला काही ना काही कारण मिळत होतं. इंजिन जड होतं, वारा होता, पायलटने घाई केली. प्रत्येक वेळी कारण एकच होतं असंही नाही. पण एकाच विमानाचे पंख पुन्हा पुन्हा मोडत असतील तर दर वेळी पायलटकडे बोट दाखवून भागत नाही.

१९१२ च्या सुरुवातीपर्यंत फ्रेंच लष्करातल्या चार ब्लेरियो विमानांना अपघात झाले होते. ब्लेरियोने या सगळ्याचा अभ्यास केला आणि आपलं म्हणणं अहवालाच्या रूपाने सरकारपुढे ठेवलं.

तो अहवाल सोप्या भाषेत असा. विमान उडत असताना हवा पंखांना वर उचलते, म्हणून पंखाखालच्या तारांवर ताण येतो. त्या तारा सगळे जाड आणि दणकट लावायचे. पंखावरच्या तारांचं काम काय? तर विमान जमिनीवर उभं असताना पंख खाली लोंबू नयेत एवढंच. म्हणून त्या बारीक ठेवल्या तरी चालतात, असा सगळ्यांचा समज होता. ब्लेरियोचाही.

हाच समज चुकीचा होता. पायलटने विमानाचं नाक झटकन खाली घातलं की काही क्षण हवा पंखाला वरून खाली दाबते. सगळा ताण वरच्या बारीक तारांवर येतो. तार तुटली की पंख खाली दुमडतो. पायलटला मात्र काहीच करता येत नाही, कारण हातातली दांडी ज्या पंखाला पिळते तो पंखच जागेवर राहिलेला नसतो.

म्हणजे ज्या बाजूने धोका नाही असं सगळे धरून चालले होते, विमान त्याच बाजूने मोडत होतं.

फ्रेंच लष्कराने पंखांची एकच जोडी असलेली सगळी विमानं जमिनीवर बसवली. नुसती ब्लेरियोची नाही, इतर कंपन्यांचीही, कारण सगळ्यांची रचना कमीजास्त सारखीच. मग चाचण्या झाल्या. त्यात ब्लेरियोचं म्हणणं बरोबर निघालं. वरच्या तारा मजबूत करण्यात आल्या आणि बंदी उठली.

विचार करा, या माणसाला गप्प बसता आलं असतं. इंजिनवर ढकलता आलं असतं, मेलेल्या पायलटांवर ढकलता आलं असतं. मेलेली माणसं काही उत्तर द्यायला येत नाहीत.

उलटं उडून दाखवलं

सप्टेंबर १९१३ मध्ये ब्लेरियोचा पायलट अडोल्फ पेगू याने मजबूत केलेलं ब्लेरियो विमान ठरवून उलटं उडवलं. डोकं खाली, चाकं वर. विमान उलटं झालं की सगळा भार येतो तो त्या वरच्या तारांवरच. तारा टिकल्या. काही दिवसांनी पेगूने हवेत पूर्ण गोल कोलांटीही मारली.

याच पेगूचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. उत्तर फ्रान्समध्ये हार्देलोच्या समुद्रकिनाऱ्यावर ब्लेरियोचं घर होतं आणि शेजारी सुट्टीला यायचं ते टाटा कुटुंब. पेगू तिथल्या वाळूवर विमान उतरवायचा आणि लहानगे जेआरडी ते बघायचे. पुढे १९२९ मध्ये जेआरडी भारतात पायलटचं लायसन्स मिळवणारे पहिले ठरले आणि १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. विमानाचं वेड त्यांना त्या वाळूवर लागलं होतं.

ब्लेरियोने पुढे बुडालेली डेपेर्दुसां कंपनी घेतली. तिच्यातून निघालेली स्पॅड फायटर विमानं पहिल्या महायुद्धात हजारोंनी बनली. १ ऑगस्ट १९३६ ला पॅरिसमध्ये तो गेला.

आज विमानात असा दोष सापडला की सरकारी यंत्रणा सक्तीचा आदेश काढते. बदल करा, नाहीतर विमान उडणार नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्सचे दोन अपघात झाले, ३४६ माणसं गेली. तिथेही विमानाचं नाक आपोआप खाली घालणारी यंत्रणा कारणीभूत होती आणि ती बदलल्याशिवाय विमानांना परवानगी मिळाली नाही. पण तो आदेश यायला दुसरा अपघात व्हावा लागला.

ब्लेरियोने खाडी ओलांडली ते मूळ विमान आजही पॅरिसच्या आर्त्झ ए मेत्ये म्युझियममध्ये टांगलेलं आहे. बघायला गेलात तर पायलटच्या जागेपुढे वर एक छोटी चौकट दिसेल आणि तिच्यातून दोन्ही पंखांकडे गेलेल्या बारीक तारा. त्या वरच्या तारा कमजोर आहेत हे १९०९ च्या त्या पहाटे कोणालाच माहिती नव्हतं. त्यांच्यावर बसून गेलेल्या माणसालाही नाही.