डॉक्टर विल्यम बोमाँट व त्याचा रोगी

रोजच्या भाकरीसाठी आपण देवाजवळ मागणे करितो, व ती मिळाली म्हणजे त्याचे उपकार मानितो. परंतु ती भाकरी पोटात गेल्यावर तिचे पुढे काय होते, हे पूर्वी मोठमोठ्या विद्वानांसही नीट ठाऊक नव्हते. कोणी म्हणत, अन्न पोटात दळले जाते. कोणी म्हणत, ते कुजते. कोणी म्हणत, ते रसाने विरघळते. ज्याच्या परिश्रमाने हा वाद पुष्कळ अंशी मिटला, त्या डॉक्टर बोमाँटचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

बोमाँटचा जन्म २१ नोव्हेंबर १७८५ रोजी अमेरिकेतील कनेटिकट प्रांती, लेबनन गावी, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तो वैद्यकाच्या विद्यालयात गेला नाही. काही काळ शाळा चालवून, मग एका डॉक्टराच्या हाताखाली राहून तो ही विद्या शिकला व १८१२ साली सैन्यात डॉक्टर झाला. पुढे मॅकिनॅक बेटावरील किल्ल्यात त्याची नेमणूक झाली.

तेथील एका दुकानात ६ जून १८२२ रोजी चुकून बंदूक उडाली, आणि अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या कॅनडातील तरुण हमालाच्या डाव्या कुशीत मोठे भगदाड पडले. तो जगेल अशी कोणास आशा नव्हती. पण बोमाँटने त्याची शुश्रूषा केली. पुढे अधिकाऱ्यांनी त्याच्या पोषणाचा खर्च नाकारिला, तेव्हा १८२३ साली बोमाँटने त्याला आपल्याच घरी नेले. जखम भरली, परंतु जठराचे भोक बुजले नाही. त्यातून आतील सर्व व्यापार डोळ्यांनी दिसे.

१८२५ साली बोमाँटने प्रयोग आरंभिले. रेशमी दोऱ्यास मांस, पाव व कोबी बांधून तो ते भोकातून आत सोडी व तासातासाने बाहेर काढून पाही. जठरातील आंबट रस त्याने बाटलीत काढिला. ती ऊबेत ठेविली असता तिच्यातील मांस बाहेरही विरघळले. अन्न आत गेले म्हणजेच हा रस सुटतो, राग आला असता पचन बिघडते, व दारूने जठराचे अस्तर लाल होऊन सुजते, असे त्यास आढळले. शिजविलेला भात सुमारे एका तासात जठरात जिरतो, अशी त्याची नोंद आहे. हे सर्व त्याने १८३३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

जठराचे काम हा पचनाचा एक भाग होय. भाकरीचे पचन तोंडातील लाळेपासूनच सुरू होते. म्हणून घास नीट चावावा. जठरातून अन्न सुमारे २० फूट लांबीच्या लहान आतड्यात उतरते. तेथे यकृताचे पित्त व स्वादुपिंडाचा रस त्यात मिसळतो, आणि आतड्याच्या आतील बारीक केसांसारखे अंकुर अन्नाचे सत्त्व शोषून रक्तास पोहोंचवितात. उरलेल्यातील पाणी मोठे आतडे शोषून घेते.

आता त्या हमालाविषयी. प्रयोगांसाठी अलेक्सिस उपाशी राही, व रसाची बाटली काखेत धरून बसे. १८२५ साली तो न विचारता घरी निघून गेला. १८२९ साली बायकोमुलांसह परत आला. पुढे वर्षास १५० डॉलरांचा करार झाला. १८३४ साली तो गेला तो पुन्हा आला नाही, आणि बोमाँटने वारंवार बोलाविले तरी त्याने ऐकिले नाही. बोमाँटचे सेंट लुई शहरी २५ एप्रिल १८५३ रोजी निधन झाले. अलेक्सिस १८८० साली वारला. डॉक्टरांनी प्रेत उकरून नेऊ नये, म्हणून त्याच्या आप्तांनी ते कुजू दिले व खोल पुरिले.

ह्या शेवटच्या गोष्टीने आमचे मन चरकते. बोमाँटने त्याचा प्राण वाचविला, हे खरे. परंतु ज्याच्या देहापासून जग शिकले, त्याच्या आप्तांस विद्वानांची भीती वाटावी, हे बरे नव्हे. शरीराचे जे अवयव अशक्त दिसतात त्यांचीही गरज आहे, असे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीस शिकविले. बंधूंनो, आजाऱ्याच्या खाटेजवळ बसताना आपण त्याची केवळ जखम न पाहता त्या माणसासही पाहावे. आणि भाकरी मोडताना डॉक्टराबरोबर त्या हमालाचीही आठवण ठेवावी.