एका काडतुसाचा हिशेब

जिम कॉर्बेट म्हटलं की आपल्याला काय आठवतं? वाघ, नरभक्षक, कुमाऊंचं जंगल आणि त्याच्या नावाचं नॅशनल पार्क. माझंही तसंच होतं. कॉन्व्हेंटमध्ये असताना त्याची पुस्तकं इंग्रजीतून वाचली होती, तेव्हा सगळं लक्ष वाघावर. पण मेकॅनिकलला आल्यावर तीच पुस्तकं मराठी अनुवादातून पुन्हा वाचली आणि लक्ष गेलं ते चक्क काडतुसावर! आपण इंजिनीअर मंडळी, करणार काय? पण खरं सांगते, त्या पितळेच्या नळीतून या माणसाचं आयुष्य जेवढं कळतं तेवढं वाघाच्या कातड्यावरून कळत नाही.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर. भावंडं डझनाच्या वर. जिम जेमतेम सहा वर्षांचा असताना वडील गेले. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडीत खाली कालाढुंगी, असं या कुटुंबाचं बिऱ्हाड हलायचं. कालाढुंगीला घराबाहेर पाऊल टाकलं की जंगल.

आठव्या वर्षी त्याच्या हातात पहिली बंदूक आली. नात्यातला एक भाऊ कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक तयार करत होता. पक्ष्यांचे नमुने आणून द्यायचे या बोलीवर त्याने जिमला आपली जुनी दुनळी दिली. ठासणीची बंदूक, तीही कशी? एक नळी फुटलेली, दस्ता तारेने बांधलेला. म्हणजे दुनळी नावापुरतीच!

आता ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे आपल्या पिढीला सांगायला हवं. तिला तयार काडतूस नसतं. दारू मोजून नळीच्या तोंडातून ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने सगळं ठासायचं आणि शेवटी चापाखाली टोपी बसवायची. हे सगळं एका बारासाठी! दारू कमी पडली तर छर्रे पोचणार नाहीत, जास्त झाली तर उरलेली नळीसुद्धा फुटणार. एवढी खटपट करून भरलेला बार कुणी उगाच झाडेल का? तो पोरगा आधी जवळ जायला शिकला, वाट बघायला शिकला, बार न काढता परत यायलाही शिकला. मला वाटतं, कॉर्बेटचं खरं इंजिनीअरिंग कॉलेज म्हणजे ती तार बांधलेली बंदूक.

पुढे शाळेच्या कॅडेट कोअरमध्ये त्याला .४५० ची मार्टिनी रायफल वापरायला मिळाली. तिचा धक्का खांदा निळा करणारा, पण या पोराने त्याच रायफलने शाळकरी वयातच पहिला बिबट्या मारला. शिक्षण मात्र तिथेच संपलं. घरची जबाबदारी होती, म्हणून अठराच्या आसपास रेल्वेत नोकरी धरली. आधी इंजिनांसाठी लाकूडफाटा पुरवायचं काम, मग गंगेकाठच्या मोकामा घाटावर ब्रॉडगेजचा माल मीटरगेजच्या गाड्यांत चढवायचा ठेका. वीसएक वर्षं त्याने हे हमालांच्या बरोबरीने केलं. ज्याला आपण ‘शिकारी’ म्हणतो, तो खरा असा रेल्वेचा ठेकेदार होता!

आणि मग आलं १९०७ साल आणि चंपावतची वाघीण. नेपाळमध्ये दोनशे आणि कुमाऊंत दोनशेच्या वर, मिळून ४३६ माणसं तिच्या नावावर सांगतात. कॉर्बेटने गावकऱ्यांना घेऊन हाका घातला. जवळ .५०० ची दुनळी एक्सप्रेस रायफल आणि खिशात मोजून तीन काडतुसं. दोन नळ्यांची दोन आणि एक अडीअडचणीला. तिन्ही संपली आणि वाघीण अजून उभीच! तेव्हा हा धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेऊन आला. वाघिणीपासून वीसएक फुटांवर ती खांद्याला लावली तर नळी आणि मागचा भाग यांत चांगली फट दिसली. तरी झाडली. गोळी लागली पंजाला. पण आधीच्या गोळ्यांनी आपलं काम केलेलं होतं, वाघीण तिथेच पडली.

गोष्ट इथे संपत नाही. मेलेल्या वाघिणीचा जबडा कॉर्बेटने तपासला. उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले होते, खालचा तर पार हाडापर्यंत. कधीतरी कुणीतरी झाडलेल्या गोळीची ती जुनी जखम होती. हरणं मारणं जमेना म्हणून ती माणसांकडे वळली होती. विचार करा! कुणीतरी नेम न धरता एक बार काढला, जखमी जनावराच्या मागे न जाता घरी निघून गेला आणि त्याची किंमत ४३६ घरांनी मोजली. माझ्या मते कॉर्बेटच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथे आहे. ज्याचा हिशेब देता येणार नाही अशी गोळी झाडायची नाही.

या कामगिरीबद्दल त्याला गव्हर्नरकडून .२७५ ची रिग्बी रायफल भेट मिळाली. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये पडला तो हिच्याच गोळीने. त्या बिबट्याने आठ वर्षांत सरकारी आकड्याप्रमाणे १२५ बळी घेतले होते. पण मोठ्या कामाला कॉर्बेटकडे दुसरी एक रायफल होती, जेफ्री कंपनीची .४५०/४०० दुनळी.

थोडं आपल्या विषयाचं बोलू. .४५०/४०० म्हणजे काय? .४५० च्या काडतुसाचं तोंड आवळून त्यात .४०० च्या आसपासची गोळी बसवलेली. मूळ काडतूस काळ्या दारूच्या जमान्यातलं. नंतर कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू आली आणि १९०२ च्या सुमारास जेफ्रीने तीन इंच लांबीचं सुधारित काडतूस काढलं. गोळीचं वजन ४०० ग्रेन, म्हणजे साधारण २६ ग्रॅम. वेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर. अर्धा एम व्ही स्क्वेअर करून बघा, साडेपाच हजार ज्यूल येतात! सत्तर किलोच्या माणसाला आठ मीटर वर उचलायला लागेल एवढी ऊर्जा. कॉर्डाइटची आणखी एक खोड अशी, की उन्हात तापलं की त्याचा दाब वाढतो. म्हणून आपल्याकडच्या हवेसाठी कमी दाबाची काडतुसं जास्त भरवशाची.

या ताकदीची किंमत बंदूकवाल्यालाही मोजावी लागते. १९२९ मध्ये एका शिकारीत दुसऱ्या कुणाची तरी भारी रायफल कॉर्बेटच्या कानाशी उडाली आणि कानाचा पडदा गेला. तसाच ठणकता कान घेऊन तो तल्ला देसच्या नरभक्षकामागे डोंगर चढला. ३० नोव्हेंबर १९३८ ला ठाकची वाघीण मारताना तो एका खडकाच्या कडेवर जेमतेम टेकून होता. अंधार पडत आलेला. पहिल्या बाराच्या धक्क्याने तो कडेवरून उडाला आणि दुसरा बार हवेतच सुटला! खाली उभ्या असलेल्या त्याच्या चार माणसांनी त्याला झेललं. तो त्याचा शेवटचा नरभक्षक.

तोवर बंदुकीपेक्षा कॅमेरा त्याला जवळचा झाला होता. १९३६ मध्ये भारतातलं पहिलं नॅशनल पार्क झालं, त्यामागेही त्याची धडपड होती. दुसऱ्या महायुद्धात साठी उलटून गेल्यावर त्याने सैनिकांना जंगलात जगायला शिकवलं. १९४४ मध्ये पहिलं गाजलेलं पुस्तक आलं. १९४७ अखेरीस बहीण मॅगीबरोबर तो केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ ला न्येरीत वारला. कुमाऊंच्या लोकांचा ‘कार्पेटसाहेब’ परत आलाच नाही, पण त्या पार्कला पुढे त्याचंच नाव मिळालं.

आणि त्या जेफ्रीचं काय झालं? ती गेली अमेरिकेत, एल्मर कीथ या बंदूकतज्ज्ञाकडे. हा माणूस हाताने काडतुसं भरण्यात मुरलेला. ते बरंच झालं म्हणायचं, कारण १९७० च्या आसपास इंग्लंडच्या कायनॉक कंपनीने या जुन्या, मोठ्या बोअरची काडतुसं भरणं थांबवलं. अशा रायफली मग जगवायच्या कशा? झाडलेली पितळी नळी पुन्हा मापात आणायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू तोलून भरायची, वर गोळी बसवायची. त्यात दुनळीची गंमत वेगळीच. तिच्या नळ्या अगदी समांतर नसतात, पुढे किंचित जवळ येतात. कारागीर एक ठरावीक काडतूस झाडून बघत बघत त्या जुळवतो. तुमच्या काडतुसाचा वेग त्यापेक्षा कमी-जास्त झाला की डावी-उजवी गोळी एका जागी पडत नाही. म्हणजे रायफल शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराचा आकडा मागते आणि भरणाऱ्याने तो गाठायचा! (होस्टेलवर करून बघायचा प्रयोग नाही हं हा. एक चूक आणि बोटं, डोळे दोन्ही जायचे. शिवाय आपल्याकडे लायसन्सशिवाय गुन्हा, ते वेगळंच.)

२०१५ मध्ये कीथच्या संग्रहाबरोबर ती रायफल लिलावात गेली. लोक तिच्याकडे शिकारीची वस्तू म्हणून बघत असतील. मला ती बघून आठवतो तो आठ वर्षांचा मुलगा, एका बारासाठी दारू मोजणारा. आपणही उद्या मशीन बनवू, पूल बांधू, कोड लिहू. बटण दाबायला आपल्याला ठासणी लागणार नाही, क्षणात काम होईल. म्हणूनच मोजून घ्यायची सवय आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त लागणार आहे. चंपावतच्या वाघिणीचे दात कुणी तोडले, त्याचं नाव आजही कुणाला माहीत नाही. हिशेब मात्र दुसऱ्यांनी चुकता केला.