देणगी आणि मेहनत : पंडिता रमाबाई



लिहिणे ही देवाची देणगी, ती आमच्यात नाही, असे शिरूर-दौंडकडची मुले आम्हांला सांगतात. त्यांनी दौंड तालुक्यातल्याच केडगावच्या पंडिता रमाबाईंकडे पाहावे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. स्मरणशक्ती उपजतच तल्लख. पण वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आईला संस्कृत शिकविले होते आणि आईने ते लेकीला शिकविले. पहाटे उठवून, जवळ बसवून, आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

१८८२ साली त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले. भाषा संस्कृतप्रचुर, साध्या बाईला जड जाणारी. नंतर केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळाने होरपळलेल्या मुली आणि विधवा आल्या. त्यांना समजेल असे बायबल हवे, म्हणून रमाबाईंनी चाळिशी उलटल्यावर हिब्रू व ग्रीकचा अभ्यास केला आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर केले. एवढ्या पंडितेलाही सोपे लिहिणे नव्याने शिकावे लागले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या देवाघरी गेल्या, त्याआधी हे काम पुरे झाले होते.

बीजात झाड असते, पण केवळ शक्यता म्हणून, असे आम्ही तत्त्वज्ञानात शिकलो. रमाबाईंच्या बीजाला पहिले पाणी आईने घातले. पालकहो, मुलात गुण आहे की नाही याचा निवाडा घाईने करू नका. रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसा. आणि मुलांनो, रोज एक पान लिहा.