नभोवाणीमंत्री डॉ. केसकर

कै. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचा जन्म १९०३ साली पुण्यास झाला. काशी विद्यापीठात शिकलेल्या व पॅरिसला जाऊन डॉक्टरेट मिळविलेल्या या विद्वान गृहस्थांचा धृपदगायनाचाही अभ्यास होता. १९५२ पासून १९६२ पर्यंत ते माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. अभिजात संगीत घरोघरी पोहोचावे, हा त्यांचा ध्यास होता व तो आम्हांस थोर वाटतो.

परंतु त्यापायी चित्रपटगीतांवर गदा आली. गाण्यापूर्वी चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरातच होय, असे ठरवून आकाशवाणीने ते सांगणे बंद केले. निर्माते रुसले, त्यांनी परवानग्या काढून घेतल्या आणि गाणी जवळजवळ नाहीशी झाली.

तिकडे सिलोनच्या रेडिओने नेमकी उलटी वाट धरली. ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. मुंबईत श्री. अमीन सयानी यांच्या आवाजात मुद्रित झालेला हा कार्यक्रम कोलंबोहून हिंदुस्थानास ऐकू येई! पुढे गाण्यांना क्रमांक आले. निवेदक खालच्या पायरीपासून एकेक पायरी चढत जाई. कोणते गीत वर सरकले, कोणते घसरले, हे सांगे, पण पहिल्या क्रमांकाचे गीत शेवटपर्यंत राखून ठेवी. मग मध्येच उठणार कोण? मध्य भारत राज्यात इंदूरचे केंद्र १९५५ साली निघाले खरे. तरी बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या उज्जयिनीतही लघुलहरींवर सिलोनच शोधले जाई. पुढे काय येणार याची हुरहूर लावण्याची ही विद्या सरकारी निवेदकांस ठाऊक नव्हती, आणि डॉक्टरसाहेबांस तिचे महत्त्व वाटले नसावे.

तथापि ते केवळ हट्टी नव्हते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांच्याच कारकीर्दीत 'विविध भारती' निघाली. तिच्या फर्माइशींच्या कार्यक्रमांत गाण्याआधी चित्रपटाचे नाव येई, मागणी करणाऱ्यांची नावेही येत. आपले नाव केव्हा येते म्हणून गावोगावचे श्रोते कान देऊन बसत.

१९६२ नंतर नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९८४ साली ते निवर्तले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८९ साली, सिलोनची ती गीतमाला विविध भारतीवर आली.