कार्ल हागेनबेक : वन्यप्राण्यांचा सौदागर

प्राणिसंग्रहालयात खंदकापलीकडे ऐटीत बसलेला सिंह पाहिला की बघणाराला क्षणभर जंगलात आल्यासारखे वाटते. मध्ये गज नाहीत, जाळी नाही. आहे तो फक्त एक खंदक, आणि तोही झुडपांआड दडवलेला. ही रचना ज्याने जगभर रूढ केली त्या कार्ल हागेनबेकचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. त्याचे चरित्र वाचल्यापासून मी मात्र अस्वस्थ आहे. हा माणूस दुष्ट असता तर त्याला नावे ठेवून मोकळे होता आले असते. पण त्याचे प्राण्यांवर खरोखर प्रेम होते, आणि माझ्यापुढचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

कार्लचा जन्म १० जून १८४४ रोजी जर्मनीतील हँबुर्ग या बंदरात झाला. वडील मासळीचे व्यापारी. १८४८ साली त्यांच्या कोळ्यांच्या जाळ्यात माशांबरोबर सहा सील सापडले. वडिलांनी ते लाकडी पिंपांत ठेवले आणि एक शिलिंग घेऊन लोकांना दाखवायला सुरुवात केली. गर्दी लोटली. मासे विकून मिळतात त्याहून अधिक पैसे नवल दाखवून मिळतात, हे त्या घराला तेव्हा उमगले. पुढे बंदरात येणाऱ्या खलाशांकडून माकडे, पोपट, अस्वले विकत घेण्याचा जोडधंदा सुरू झाला, आणि १८६६ मध्ये तो तरुण कार्लच्या हाती आला.

काळही त्याला अनुकूल होता. युरोपातील शहरांत प्राणिसंग्रहालये निघत होती, सर्कशी भरभराटीला आल्या होत्या, आणि श्रीमंत उमरावांना आपल्या बागेत दुर्मिळ जनावर असावे अशी हौस होती. आगबोटी आणि आगगाड्या यांमुळे आफ्रिका जवळ आली होती. सुदानातून प्राणी आणणाऱ्या लोरेन्झो कासानोव्हाशी कार्लने करार केला. १८७० मध्ये कासानोव्हाचा मोठा तांडा घ्यायला तो स्वतः सुएझला गेला, तेव्हा कासानोव्हा मरणपंथाला लागला होता. हत्ती, जिराफ, सिंह, शहामृग यांच्याबरोबर त्या तांड्यात दुभत्या शेळ्यांचा एक कळपही होता. आईवेगळ्या पिल्लांना दूध पाजण्यासाठी तो आणलेला होता.

मी या शेळ्यांपाशी अडखळलो. पिल्ले आईवेगळी का झाली? पूर्ण वाढलेला हत्ती वा गेंडा पकडून समुद्रापार नेणे जवळजवळ अशक्य; म्हणून शिकारी पिल्लेच पकडत, आणि पिल्लू सोडून न हटणाऱ्या आईला ठार करीत. नंतर वाळवंटातला प्रवास, उष्मा, बोटीवरची कोंडी. पकडलेल्या प्राण्यांतले कितीतरी वाटेतच मरत. पहिल्या वीस वर्षांत हागेनबेकच्या पेढीने सुमारे एक हजार सिंह, चारशे वाघ, तीनशे हत्ती आणि दीडशे जिराफ विकले, अशी नोंद आहे. हा हिशेब विकल्या गेलेल्यांचा झाला. त्यांच्यापायी मेलेल्यांना वहीत रकाना नव्हता.

प्राण्यांच्या धंद्यात मंदी आली तेव्हा त्याने माणसांकडे मोर्चा वळवला. १८७५ च्या सुमारास त्याने उत्तरेकडील लॅप लोकांना रेनडियरसह हँबुर्गला आणून त्यांचे रोजचे जीवन तिकीट लावून दाखवले. मग न्युबियन आले, सिंहली आले. १८८० मध्ये त्याच्यासाठी लाब्राडोरच्या किनाऱ्यावरून आठ एस्किमो आणले गेले. त्यांतला अब्राहम हा ख्रिस्ती झालेला, लिहितावाचता येणारा गृहस्थ होता. बायको आणि दोन लहान मुली बरोबर होत्या. या लोकांना वेळेवर देवीची लस टोचली गेली नाही. १८८१ च्या जानेवारीपर्यंत आठही जण देवीने मरण पावले. अब्राहमने लिहून ठेवलेल्या रोजनिशीचे भाषांतर मागे उरले, म्हणून निदान त्याचे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे. जनावरांच्या तांड्यात रोजनिशी लिहिणारे कोणी नव्हते.

आता याच माणसाची दुसरी बाजू. त्या काळी सर्कशीतील सिंहांना चाबूक आणि तापलेल्या सळया यांनी शिकवीत. कार्लने ही पद्धत टाकून गोंजारून, खाऊ देऊन आणि प्रत्येक प्राण्याचा स्वभाव ओळखून शिकवण्याचा पुरस्कार केला. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याचे प्राणी पाहायला लोक लोटले. १८९६ मध्ये त्याने गजाविना प्राणी दाखवण्याच्या योजनेचे पेटंट घेतले. वाघ-सिंह किती लांब उडी घेतात याची पारख करून खंदकांची रुंदी ठरवली आणि ७ मे १९०७ रोजी हँबुर्गजवळ स्टेलिंगेन येथे आपले उद्यान उघडले. पुढे ही पद्धत सर्वत्र गेली. १९५९ मध्ये खुल्या झालेल्या आपल्या दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आराखड्यासाठीही याच घराण्यातील कार्ल-हाइनरिख हागेनबेकचा सल्ला घेतला होता.

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. १९०१ मध्ये एका इंग्रज उमरावाच्या मागणीवरून त्याने मध्य आशियातून प्रझेवाल्स्की जातीच्या रानघोड्यांची शिंगरे आणवली. पकडलेल्या पन्नासाहून अधिक शिंगरांपैकी २८ हँबुर्गला पोचली. पुढे १९६० च्या दशकात हे घोडे रानातून नाहीसे झाले. १९९२ पासून मंगोलियात ते पुन्हा सोडले गेले, ते त्या काळी पकडलेल्या मोजक्या घोड्यांच्या वंशातले होते. म्हणजे सौदागराच्या हातून एक जात वाचली! पण मित्रहो, ते श्रेय वंश जपणाऱ्या पुढच्या पिढ्यांचे. सौदा झाला तो केवळ हौसेखातर.

१४ एप्रिल १९१३ रोजी कार्ल हागेनबेक वारला. त्याचा धंदा मात्र वारला नाही. त्याचे गिऱ्हाईक तेवढे बदलले. उमरावाच्या बागेऐवजी आता शहरातल्या सदनिकेत इग्वाना, अजगर, परदेशी पोपट येतात. आपल्याच देशातील तारांकित कासवे पिशव्यांत भरून चोरून परदेशी जातात. छोट्या नखांच्या पाणमांजरांना जपानमध्ये घरात पाळण्याची टूम निघाली. २०१९ मध्ये या दोन्ही जातींचा समावेश आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत करावा लागला. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि करारात येणारे परदेशी प्राणी पाळणाऱ्यांनी त्यांची नोंद करावी असे नियम २०२४ मध्ये झाले आहेत.

तरीही कायदा दारापर्यंतच येतो. असा प्राणी घरी आणणारा बहुधा निर्दय नसतो. तो त्याला नाव ठेवतो, हाताने भरवतो, आजारी पडला तर रात्र जागतो. हागेनबेकही जागत असे. म्हणून मला वाटते, माझे त्याच्यावर प्रेम आहे, एवढे उत्तर पुरेसे नाही. हे पिल्लू इथवर येताना त्याच्या आईचे काय झाले आणि बरोबरच्या किती जणांनी वाटेत प्राण सोडले, हे विकणाऱ्याला आधी विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर रिकाम्या हाताने परत यावे. हागेनबेकच्या चरित्रातून मी घेतलेला धडा एवढाच आहे.