सतरा वर्षांचे सर

सतराव्या वर्षी आपण काय करत होतो? बहुतेक सगळे बारावीच्या क्लासच्या नोट्स घोकत होतो. हेन्री लुई विवियन डेरोझिओ त्या वयात कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकवायला उभे राहिले. साल १८२६.

जन्म १८०९ चा, कलकत्त्यातल्याच पोर्तुगीज-भारतीय ख्रिस्ती घरातला. ड्रमंड नावाच्या स्कॉटिश मास्तरांच्या शाळेत शिकले, चौदाव्या वर्षी शाळा सुटली. मग कारकुनी, मग भागलपूरला नातेवाइकांच्या निळीच्या कारखान्यावर. तिथे कविता करायला लागले. डिग्री वगैरे काही नाही! (आजच्या कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणूनही घेतलं नसतं.)

शिकवायचे इंग्रजी साहित्य आणि इतिहास. समोरची पोरं जवळजवळ त्यांच्याच वयाची. आपल्याला माहीत असलेली चर्चा म्हणजे सर शेवटी एनी डाउट्स विचारतात, सगळे खाली बघतात आणि स्लाइड पुढे जाते. डेरोझिओंचं तसं नव्हतं. देव आहे की नाही हा प्रश्न घेतला, तर ह्यूम या तत्त्वज्ञाचे शंका घेणारे मुद्दे ते वर्गापुढे ठेवायचे आणि त्याला उत्तर देणाऱ्या रीड आणि स्टुअर्ट यांचेही. दोन्ही बाजू कळल्या की मग बोला. नुसता आरडाओरडा नाही, आणि सरांचं मत पाठ करणंही नाही. तास संपला तरी विषय संपायचा नाही, मुलं सरांच्या घरी पोचायची. यातूनच १८२८ च्या सुमारास अकॅडेमिक असोसिएशन ही वादसभा सुरू झाली. अध्यक्ष अर्थातच डेरोझिओ. नशीब, सद्गुण, मूर्तिपूजा, कुठलाच विषय वर्ज्य नव्हता.

पण मुलं तेच प्रश्न घरी विचारायला लागली. काहींनी तर मुद्दाम गोमांस खाऊन दाखवलं. (हा सूर सरांचा नव्हता असं मला वाटतं, पण बोल त्यांनाच लागला.) पालक भडकले, मुलांची नावं काढू लागले. एप्रिल १८३१ मध्ये व्यवस्थापक समिती बसली. हा माणूस शिकवायला नालायक आहे असं म्हणायला बहुमत तयार नव्हतं, पण लोकांचा राग बघता काढलेलं बरं, असं ठरलं. दोन्ही बाजू ऐकायला शिकवणाऱ्या सरांना स्वतःची बाजू मांडायला साधं बोलावलंही नाही. त्यांनी राजीनामा दिला.

मग ईस्ट इंडियन नावाचं वर्तमानपत्र काढलं. पण २६ डिसेंबर १८३१ ला कॉलऱ्याने गेले. वय अवघं २२, म्हणजे आपल्या फायनल इयरवाल्यांएवढं.

त्यांचा एक विद्यार्थी, राधानाथ सिकदर, त्याच वर्षी सर्व्हे खात्यात गणक म्हणून लागला. सिव्हिलवाल्यांनी नाव लक्षात ठेवा. १८५२ मध्ये शिखर क्रमांक १५ जगात सगळ्यांत उंच आहे, हे त्याच्याच आकडेमोडीतून निघालं. त्या शिखराला पुढे नाव मिळालं एव्हरेस्ट.